थंडीत अक्षरं बदलणारं एस-थ्री ट्रायो कार्ड: दर वेळी बरं होतं, परत बिघडतं, शेवटी कारण सापडलं

ही गोष्ट आहे जुन्या कॉम्प्युटरमधल्या व्हिडिओ कार्डाची, म्हणजे मॉनिटरवर चित्र पाठवणाऱ्या कार्डाची. आधी लक्षण सांगतो, म्हणजे ज्याच्याकडे हेच चाललंय त्याला लगेच ओळखू येईल. मशीन चालू केलं की पहिल्या काळ्या स्क्रीनवर, जिथे अवॉर्ड बायोसचं (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं) नाव आणि मेमरीची मोजणी येते, तिथली अक्षरं चुकीची. पुसट नाहीत, तुटकी नाहीत, चांगली ठसठशीत, पण भलतीच. अवॉर्डच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या प्रत्येक ए च्या जागी सी आणि शेवटच्या डी च्या जागी एफ. मेमरी या शब्दाच्या जागी ओ, जी, ओ, ओ, आर आणि वायच्या ठिकाणी महिरपी कंस. ३२७६८ मधला शेवटचा आठ गायब आणि तिथे कोलन, बाकीचे चारही आकडे मात्र बरोबर. आणि जिथे काहीच नको, रिकामी जागा, तिथे दुहेरी अवतरण चिन्हं, अख्खा स्क्रीन त्यांनी भरलेला. पुढे विंडोज ९८ उघडलं की सगळीकडे बारीक उभ्या रेघा. कधी पंधरा-वीस मिनिटांत आपोआप साफ होतं, कधी दिवसभर तसंच. कार्ड काढलं, स्लॉटमध्ये जाणारी त्याची सोनेरी पट्टी खोडरबराने घासली, परत बसवलं की एकदम चकाचक. चार दिवस, आठ दिवस, एकदा तर पूर्ण महिना. आणि मग एखाद्या सकाळी परत तेच.

कार्ड आहे एस-थ्री ट्रायो ६४ व्ही प्लस, मदरबोर्डच्या पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं, १९९५ च्या आसपासची चिप. १ एमबी मेमरी कार्डावरच सोल्डर केलेली, दोन चिपमध्ये, आणि शेजारी दोन सॉकेट, त्यात आणखी दोन चिप टाकून २ एमबी केलेली. मशीन पेंटियम एमएमएक्स २००, ३२ एमबी रॅम. हे माझ्या काकांचं, नाशिकला रविवार कारंज्याजवळ त्यांचं डीटीपीचं छोटं दुकान होतं, लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं, भजनी मंडळांच्या पुस्तिका, सगळं पेजमेकरमध्ये. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, मशीन आमच्या इंदिरानगरच्या घरी आलं. लोक विचारतात हार्डडिस्क काढून फाइली कॉपी का नाही केल्या, तर त्या केव्हाच केल्यात, तीन ठिकाणी आहेत. पण जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टला लावलेल्या डोंगलशिवाय (सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून लावायची छोटी डबी) उघडत नाही, आणि त्या फाइली दुसरीकडे उघडल्या की जोडाक्षरांचा चिवडा होतो. काकांना त्यातल्या काही पुस्तिका परत छापायच्या आहेत, आणि जशा लावल्या होत्या तशाच. म्हणून हे मशीन चालतं ठेवायचंय.

दुसरं कार्ड टाकून मोकळं व्हायचं, हा सल्लाही मिळाला आणि तो एका अर्थी बरोबरच होता, कारण पहिली तपासणी तीच आहे. माझ्याकडे १ एमबीचं एक सिरस लॉजिकचं पीसीआय कार्ड पडलेलं होतं ते टाकलं, आठवडाभर रोज सकाळी मशीन चालू केलं, एकही अक्षर चुकलं नाही. म्हणजे मदरबोर्ड, रॅम, मॉनिटर, केबल सगळे सुटले, दोषी कार्डच. हे आधी करा, नाहीतर आपण कार्ड उकलत बसतो आणि दोष निघतो एसएमपीएसमध्ये, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये. पण कायमचं ते कार्ड ठेवता येईना, कारण काका काम करायचे १०२४ बाय ७६८ वर, १६ बिट रंगात, त्याला लागतात १५,७२,८६४ बाइट आणि १ एमबी म्हणजे १०,४८,५७६. बसतच नाही. ८०० बाय ६०० वर पान अर्धंमुर्धं दिसतं आणि काकांच्या डोळ्यांना तेवढं झूम करत बसणं जमत नाही. शिवाय ट्रायो कार्ड इतकं साधं आहे, सगळे पाय डोळ्यांना दिसणारे, की ते फेकून देणं मला पटलंच नाही.

आता मी पहिल्या हिवाळ्यात काय काय केलं ते सांगतो, कारण चूक कुठे झाली ते त्यातच आहे. पहिल्यांदा खोडरबर. नीट झालं, मी समजलो कॉन्टॅक्टवर गंज होता. दहा दिवसांनी परत, परत खोडरबर, परत नीट. तिसऱ्यांदा पीसीआयचा स्लॉट बदलला, नीट झालं, मी समजलो स्लॉट ढिला होता. मग सॉकेटमधल्या दोन्ही चिप काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत दाबून बसवल्या, तेव्हा महिनाभर चाललं आणि मला खात्रीच झाली की सॉकेटच होतं. मग एका ओळखीच्याने सांगितलं हॉट एअरने सगळ्या चिप शेकून घे, त्याच्याच दुकानात शेकल्या, तेही पाच दिवस टिकलं. प्रत्येक वेळी वेगळा उपाय, प्रत्येक वेळी यश, आणि मी प्रत्येक वेळी शेवटच्या उपायालाच श्रेय देत गेलो.

मग मी एक दोनशे पानी वही केली. तारीख, सकाळी खोलीत किती तापमान, दोष आहे की नाही, काय केलं, कधी परत आला. एवढंच. दीड महिन्याच्या नोंदी झाल्यावर दोन गोष्टी दिसल्या ज्या आधी डोक्यात आल्याच नव्हत्या. एक, दोष बहुतेक थंड सकाळी येतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पारा दहाच्या खाली जातोच, त्या दिवशी हमखास. पावसाळ्यात, जेव्हा हवेत सगळ्यात जास्त ओल असते आणि कॉन्टॅक्ट गंजायला हवे, तेव्हा हा प्राणी चांगला चालला होता. म्हणजे गंजाची गोष्ट तिथेच संपली. दोन, माझे सगळे उपाय वेगवेगळे होते पण सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती: कार्ड स्लॉटमधून उपटलं जात होतं आणि परत दाबून बसवलं जात होतं. उपटताना, दाबताना कार्डाचा पीसीबी, म्हणजे चिप बसवलेला बोर्ड, वाकतो. थोडाच वाकतो पण वाकतो. कुठेतरी सोल्डरला तडा असेल तर त्या वाकण्याने तड्याच्या दोन्ही कडा परत एकमेकींना टेकतात आणि काही दिवस संपर्क राहतो. खोडरबराने काहीच केलं नव्हतं. उलट त्या पट्टीवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, दर आठवड्याला घासलं की तोच जातो. कार्ड खरंच मळकट असेल तर आयसोप्रोपिल आणि सुती कापड, बास.

तर तडा आहे असं धरलं. कुठे? एका चिपला ४० पाय, चार चिप, शिवाय मुख्य चिपचे २०८. इथे ती चुकीची अक्षरंच कामाला आली, आणि हे मला फार आवडलं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टेक्स्ट मोडमध्ये स्क्रीनवरच्या प्रत्येक घरासाठी व्हिडिओ मेमरीत दोन बाइट असतात, एक अक्षराचा कोड आणि एक रंग. अक्षराचा आकार, म्हणजे फॉन्ट, तिसरीकडे असतो. आता माझी चुकलेली अक्षरं हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत, लिहा. ए म्हणजे ४१, दिसतो सी म्हणजे ४३. डी ४४, दिसतो एफ ४६. रिकामी जागा २०, दिसतं अवतरण चिन्ह २२. आठचा आकडा ३८, दिसतो कोलन ३ए. प्रत्येक ठिकाणी फरक दोनचाच. म्हणजे खालून दुसरा बिट, ज्याला शून्यापासून मोजलं तर बिट १ म्हणतात, तो कायम १ वाचला जातोय. आणि जी अक्षरं कधीच चुकत नव्हती, आर, ओ, डब्ल्यू, आकड्यांमध्ये २, ३, ६, ७, त्या सगळ्यांच्या कोडमध्ये तो बिट मुळातच १ आहे, म्हणून ती बिघडूच शकत नाहीत. कागदावर ही दहा-बारा अक्षरं मांडली आणि सगळी त्या एका बिटवर येऊन थांबली, तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि मी काकांना फोन करून उठवलं.

पक्कं करायला डॉसमध्ये जाऊन डीबग या प्रोग्रॅमने बी८०० सेगमेंटला, म्हणजे टेक्स्ट स्क्रीनच्या मेमरीत, शून्यापासून ४००० बाइट भरले, ८० गुणिले २५ गुणिले २ म्हणजे पूर्ण स्क्रीन, अक्षराचा बाइट ५५ आणि रंगाचा ०७. यायला हवा होता यू, आला डब्ल्यू, पानभर. मग ५५ च्या जागी एए टाकला, ते चिन्ह जसं यायला हवं तसंच आलं. ५५ आणि एए घ्यायचे कारण त्यात शेजारशेजारचे बिट आळीपाळीने ० आणि १ असतात, दोन डेटा लाईन, म्हणजे एकेक बिट नेणाऱ्या तारा, एकमेकींना चिकटल्या असत्या तर दोन्ही वेळा गडबड दिसली असती. इथे फक्त एकच लाईन, आणि ती तुटलेली.

तुमचं लक्षण वेगळं असेल तरी हाच विचार चालतो. अक्षरं बरोबर पण रंग भलते, कुठे काही लुकलुकतंय, तर रंगाच्या बाइटची लाईन. अक्षरं बरोबर पण प्रत्येक अक्षरात एकाच जागी उभी रेघ जास्त किंवा कमी, तर फॉन्टच्या बाइटची, कारण फॉन्टमध्ये अक्षराची एक ओळ म्हणजे एक बाइट आणि एक बिट म्हणजे एक ठिपका. आणि सगळं एकदमच कचरा दिसत असेल, काही पॅटर्नच नसेल, तर डेटा लाईन सोडा आणि ॲड्रेसच्या किंवा रास-कासच्या (मेमरीतली ओळ आणि स्तंभ निवडणाऱ्या) पायांकडे बघा, किंवा चिपला सप्लाय नीट मिळतोय का ते.

आता चार चिपमधली कुठली. सॉकेटमधल्या दोन्ही काढल्या, कार्ड १ एमबीवर आलं, दोष तसाच. म्हणजे सॉकेटवाल्या सुटल्या, आणि मी महिनाभर ज्याला गुन्हेगार धरलं ते सॉकेट निर्दोष. ही तपासणी फुकट आहे आणि दोन मिनिटांची आहे, ज्यांच्या कार्डाला सॉकेट आहे त्यांनी सगळ्यात आधी हीच करावी, फक्त चिप काढायला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, सॉकेटचं प्लास्टिक आता तीस वर्षांचं आहे, कडा तुटते. या सॉकेटच्या कोपऱ्यांत खाचा असतात, त्यात बारीक आकडा घालून एकदा इकडून एकदा तिकडून थोडं थोडं.

एक छान गोष्ट याच वेळी दिसली. चारही चिप असताना कार्ड मेमरीशी ६४ बिटने बोलतं, दोनच असताना ३२ बिटने. २५६ रंगांत एक ठिपका म्हणजे एक बाइट, त्यामुळे एक डेटा लाईन तुटली की आधी दर आठवा उभा स्तंभ चुकत होता आणि सॉकेट रिकामे केल्यावर दर चौथा. भिंगाने मॉनिटरवर मोजले, एलसीडीवर मोजता येतात नीट. रेघा नुसत्या रेघा नसतात, त्यांच्यामधलं अंतर मोजा, त्यात उत्तर असतं.

उरल्या सोल्डर केलेल्या दोन. इथे मी लाकडी काडी वापरली, आइस्क्रीमची असते तसली, कोरडी. मशीन चालू, ५५ चा पॅटर्न स्क्रीनवर, आणि काडीने एकेका चिपचा एकेक कोपरा हलकेच दाबायचा. धातूचं काहीही नको, स्क्रूड्रायव्हर तर अजिबात नको, एक घसरला की कार्ड गेलं. पहिल्या चिपचा कनेक्टरकडचा कोपरा दाबला आणि पानभर डब्ल्यू होते ते सगळे तपासणी पुन्हा चालवल्यावर यू झाले, सोडला, पुन्हा भरले, परत डब्ल्यू. दर वेळी परत भरायचं हे लक्षात ठेवा, मेमरीत एकदा चुकीचं लिहिलं गेलं की नुसतं दाबून ते सुधरेलच असं नाही.

ही चिप २५६के बाय १६ ची, ४० पायांची, पाय बाहेर न पसरता इंग्रजी जे सारखे आत वळलेले. तिच्यात दुसरा ते पाचवा आणि सातवा ते दहावा पाय खालच्या आठ डेटा लाईन. बिट १ म्हणजे तिसरा पाय असं मला वाटलं, आणि तिथेच माझा एक तास गेला, कारण मेमरीच्या डेटा लाईनी कुठल्या क्रमाने जोडल्या याने चिपला फरक पडत नाही, जे लिहिलं तेच परत मिळतं, त्यामुळे बोर्ड बनवणारे तांब्याच्या रेघा ओढायला सोपं जाईल तशी अदलाबदल करतात. तिसरा पाय ठणठणीत होता. म्हणून एका पायावर अडून न बसता आठही तपासा.

तपासायचे कसे, यातही एक फसवणूक आहे. मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर ठेवून एक प्रोब पायावर आणि एक त्या रेघेच्या पुढच्या भोकावर ठेवला की सगळेच्या सगळे बीप वाजतात. का, तर प्रोबने आपण पाय दाबतो आणि दाबला की तडा मिटतो. आठही पाय मला चांगले सापडले तेव्हा मी हताश झालो होतो खरं सांगायचं तर. मग कार्ड उभं धरून, प्रोब पायाच्या वरच्या वळणावर फक्त टेकवून, जोर न देता, आणि दुसऱ्या हाताने कार्ड किंचित पिळून पाहिलं. सात पाय सलग बीप, चौथा पाय तुटक तुटक. सापडला.

डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. एम.जी. रोडला मोबाइल रिपेअरवाल्यांकडे मायक्रोस्कोप असतो, तिथल्या एका दादांना विनंती केली, त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून कार्ड खाली धरलं आणि मलाही बघू दिलं. पायाच्या भोवती सोल्डरमध्ये केसासारखी काळी रेघ, गोल फिरलेली. पाय सोल्डरच्या खळग्यात नुसता उभा होता, धरलेला नव्हता. थंडीत सगळं आकसलं की सुटायचा, कार्ड तापलं की टेकायचा. दादा म्हणाले तीस वर्षांची गोष्ट कोणी आणून दाखवत नाही, पैसे घेतले नाहीत.

सोल्डरिंगचं सांगतो. हे कार्ड शिशाच्या सोल्डरच्या काळातलं आहे, म्हणून ६३/३७ (कथील-शिसं) चीच तार घ्या, ती १८३ अंशाला वितळते. शिसं नसलेली तार २१७ च्या आसपास वितळते, उगाच जास्त उष्णता लागते आणि जुने पॅड उचकटतात. बारीक टोकाची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, ३३० च्या आसपास. आधी तो भाग आयसोप्रोपिलने साफ, मग रोझिनचा फ्लक्स भरपूर. भरपूर म्हणजे खरंच भरपूर. नळ जोडायला वापरतात तो ॲसिडवाला फ्लक्स चुकूनही नको, तो आत राहून तांबं खातो. टोक पाय आणि पॅड दोन्हीला एकदम लागेल असं आडवं टेकवायचं, दोन सेकंद, किंचित नवीन तार द्यायची, सोल्डर चमकून पायावर चढलेलं दिसलं की उचलायचं. जुनं सोल्डर नुसतं तापवून उपयोग नाही, तड्याच्या आतल्या कडांवर ऑक्साइड असतं, फ्लक्सशिवाय ते जुळत नाही, हॉट एअरने शेकलेलं पाच दिवसच टिकलं त्याचं कारण हेच. मी त्या बाजूचे वीसही पाय केले, एक तुटला तर बाकीच्यांनीही तेवढाच ताण खाल्लेला असतो. शेवटी ब्रश आणि आयसोप्रोपिलने धुवून, शेजारचे दोन पाय जोडले गेले नाहीत ना ते भिंगाने बघून, तासभर वाळू द्यायचं.

आणि ओव्हनमध्ये भाजायचा जो उपाय फिरत असतो तो या कार्डांवर करू नका. सॉकेट, कनेक्टर, स्टिकर सगळं प्लास्टिक आहे, कपॅसिटर फुगतात, आणि गरज काहीच नाही, एवढे सगळे पाय समोर दिसतायत. शिवाय ज्या ओव्हनमध्ये घरचं खाणं होतं त्यात शिशाचा बोर्ड घालायचा नाही.

हिवाळ्यात हे काम करताना स्वेटर काढून ठेवा. आपल्याकडे त्या दिवसांत हवा इतकी कोरडी असते की लोकरीची ठिणगी बोटाला जाणवते, आणि जी बोटाला जाणवत नाही तीही चिप मारायला पुरते. सुती शर्ट, आणि हात आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला.

कार्ड लागलं, नीट चाललं, मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं झालं म्हणून. पाच आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या शेवटी, परत अवतरण चिन्हं.

या वेळी खोडरबर हातात घेतलं नाही. कार्ड काढलंही नाही. आधी टॉर्च घेऊन जसं बसलंय तसं बघितलं, आणि हे मी दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. ब्रॅकेटचा, म्हणजे कार्ड कॅबिनेटला धरणाऱ्या धातूच्या पट्टीचा, स्क्रू आवळला की ब्रॅकेटचं टोक खाली पत्र्यावर टेकत होतं आणि कार्डाची पुढची बाजू स्लॉटमधून उचलली जात होती. मिलिमीटरभर असेल. कार्ड कायम पिळलेल्या अवस्थेत. पातळ पत्र्याचा कॅबिनेट, मदरबोर्डची उंची आणि मागची खिडकी जुळत नाही, त्या काळच्या स्वस्त कॅबिनेटांत हे पुष्कळ दिसतं. त्यात भर म्हणजे मॉनिटरची जाड व्हीजीए केबल मागे लोंबकळत होती, तिचं सगळं वजन त्या कनेक्टरवर, आणि पहिली मेमरी चिप कनेक्टरला लागूनच. सिरसचं कार्ड आखूड होतं आणि त्याचं ब्रॅकेट जरा वर बसवलेलं, म्हणून ते तिथेच सुखाने चाललं. म्हणजे मी सोल्डर बरोबर केलं होतं, पण ते तोडणारं कारण तसंच ठेवून.

तपासायला सोपं आहे. कार्ड बसवा, स्क्रू लावू नका, स्लॉटच्या वरच्या कडेपासून सोनेरी पट्टीची किती रेघ दिसते ते दोन्ही टोकांना बघा. आता स्क्रू आवळा आणि परत बघा. आवळताना कार्ड हललं, एक टोक उचललं, तर तुमचंही हेच आहे. मी ब्रॅकेट कार्डावरून सोडवलं, दूर नेऊन, म्हणजे धातूचा कीस कार्डावर पडायला नको म्हणून गॅलरीत जाऊन, त्याची दोन्ही भोकं गोल कानशीने मिलिमीटरभर लांबट केली, आधी कार्ड स्लॉटमध्ये सरळ बसवलं, मग ब्रॅकेट त्याला जुळेल तिथे पक्कं केलं. व्हीजीए केबलचे दोन्ही स्क्रू आवळले आणि केबल टायने केबल कॅबिनेटच्या मागच्या जाळीला बांधली, वजन आता पत्र्यावर येतं. मग चौथा पाय पुन्हा सोल्डर केला, या वेळी त्यात मुख्य चिपचे त्या बाजूचे पायही भिंगाखाली बघून घेतले, ते चांगले होते.

बाकीच्या तक्रारींबद्दल थोडक्यात, कारण या कार्डांवर त्याही येतात. स्क्रीन पिवळा, गुलाबी-जांभळा किंवा आकाशी दिसतोय म्हणजे एक रंग गेलाय, मशीन बंद करून, केबल काढून, कार्डाच्या कनेक्टरवर पिन १ आणि ६ मध्ये रेझिस्टन्स मोजा, मग २ आणि ७, मग ३ आणि ८, तिन्ही ७५ ओहमच्या आसपास आणि सारखे हवेत, एक वेगळा आला की तिथला रेझिस्टर किंवा कनेक्टरचा पाय. पण आधी केबल बदलून बघा, दहातल्या निम्म्या वेळा केबलची पिन वाकलेली असते. चालू करताच एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे अवॉर्ड बायोसला कार्ड सापडत नाही, एएमआय असेल तर आठ बीप म्हणजे व्हिडिओ मेमरी. बायोसची चिप सॉकेटमध्ये असेल तर तिचे पाय काळे पडलेत का बघा. आणि पंखा नसलेल्या या कार्डांना हीटसिंक चिकटवायची गरज नसते, ट्रायोची चिप कोमट होते तेवढी होऊ द्या. चटका बसण्याइतकी तापत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे, तो शोधा.

ब्रॅकेट सरळ केल्यानंतर एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला. निफाडला थंडीने द्राक्षबागांवर शेकोट्या पेटल्या त्या आठवड्यात मी मुद्दाम पहाटे सहाला उठून रोज मशीन चालू केलं, खोलीत १२ अंश, आठचा आठच दिसला. वहीत त्या महिन्याच्या पानावर नुसत्या तारखा आहेत आणि पुढे रेघ. काका संक्रांतीनंतर आले, १९९८ सालची हरिपाठाची पुस्तिका १०२४ बाय ७६८ वर उघडली, पहिल्याच पानावरची एक वेलांटी त्यांना तेव्हापासून खटकत होती ती आधी दुरुस्त केली आणि मग चहा मागितला.